‘सपत्नीक’मधल्या बाई : बडोद्यातील मराठी संस्थांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह व कार्यकारिणी सदस्य,
बडोद्यातील सर्व मराठी मंडळे, वाचनालये आणि महिला मंडळे

सप्रेम नमस्कार.

नवरात्र, कोजागरी, दिवाळी, मग वर्धापनदिन आणि संक्रांतीचे हळदीकुंकू, असे आपले कार्यक्रम आता ओळीने येतील. पाहुणे ठरतील, पत्रिका छापायला जाईल आणि पाहुण्यांच्या नावाखाली ‘सपत्नीक उपस्थित राहतील’ ही ओळ येईल. ती ओळ छापखान्यात जायच्या आत हे पत्र आपल्याला मिळावे, म्हणून आजच लिहायला बसले.

मागच्या वर्षी आपल्यापैकीच एका संस्थेने पाहुण्यांचा परिचय लिहून देण्याचे काम माझ्याकडे दिले होते. संस्थेचे नाव घेत नाही. जे झाले ते कुठेही झाले असते, आणि सगळीकडे होत आले आहे. पाहुणे सरकारी सेवेत फार वरच्या पदावरून निवृत्त झालेले. त्यांची माहिती दोन पाने टाइप होऊन आली : पदे, बदल्या, पुरस्कार, परदेशदौरे. अगदी शेवटी एक ओळ होती, ‘या साऱ्या वाटचालीत त्यांना सौभाग्यवतींची मोलाची साथ लाभली.’ त्या ओळीत नावसुद्धा नव्हते.

मी त्यांना फोन केला. म्हटले, ‘वहिनी, तुमच्याविषयी चार ओळी लिहायच्या आहेत, काय लिहू?’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, ‘माझ्याविषयी काय लिहिणार? मी शाळेत होते.’

‘कुठल्या वर्गाला?’

‘पहिली-दुसरी. बावीस वर्षं.’

त्यानंतर चाळीस मिनिटे त्या बोलत होत्या. पाच गावे, सहा शाळा. साहेबांची बदली झाली की राजीनामा, नव्या गावात पुन्हा अर्ज, पुन्हा सगळ्यांत कनिष्ठ. सेवाज्येष्ठता कुठे साठलीच नाही आणि पेन्शनला लागणारी सलग नोकरी कधी झाली नाही. पहिलीचा वर्ग मात्र प्रत्येक शाळेत सहज मिळाला, कारण तो घ्यायला कुणी पुढे येत नाही. हे ऐकताना मी इकडे मान डोलावत होते. मी स्वतः प्राथमिक शाळेत तीस वर्षे काढली आहेत. जूनमधल्या पहिलीच्या वर्गात पहिले पंधरा दिवस निम्मी मुले रडत असतात आणि उरलेली त्यांच्याकडे बघून रडायला लागतात. तो वर्ग दिवाळीपर्यंत वाचता करायचा म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळते.

मी त्यांच्याविषयी नऊ ओळी लिहिल्या. कार्यक्रमाच्या दिवशी वेळ कमी पडला. पाहुण्यांची दोन्ही पाने वाचली गेली आणि नऊ ओळी गाळल्या गेल्या. ‘आता वहिनींचंही स्वागत करू या’ म्हणून त्यांना पुढे बोलावले, साडी-खण-नारळाने ओटी भरली, टाळ्या झाल्या, त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

ओटीबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही. ती आपली रीत आहे, आणि ओटी घेताना बाईच्या डोळ्यांत पाणी आलेले मी कितीदा पाहिले आहे. पण त्या दिवशी पुढे जे घडले ते तुमच्यापैकी कुणी पाहिले नाही, म्हणून सांगते.

चहाच्या वेळी त्या दिसेनात. शोधत गेले तर मागच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटासमोर उभ्या. कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडे हे शोधण्यातच दहा मिनिटे गेली. तेवढ्यात एका सभासदाचा नातू पाणी प्यायला आत आला. असेल सात-आठ वर्षांचा. इंग्रजी माध्यमात जाणारा, शाळेत गुजराती विषय असलेला, घरी मराठी बोलणारा आणि मराठी वाचता न येणारा. बडोद्यातल्या आपल्या घराघरात असा एक तरी आहे. बाईंनी त्याला विचारले, ‘गुजराती वाचता येतं ना तुला? मग मराठी अर्धं येतंच की. बस इथे.’

पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी त्याच्याकडून गुजराती लिपीत ग, म, न, र, प, व ही अक्षरे काढून घेतली. मग म्हणाल्या, ‘आता प्रत्येकाच्या डोक्यावर आडवी रेघ ओढ.’ त्याने ओढली. ‘वाच बरं.’ अक्षरे तीच, फक्त छप्पर आले होते. मग दोन-तीन अक्षरे जवळजवळ काढून त्यांच्यावर एकच रेघ : नगर, गरम, मगर, पवन. मुलाने ‘मगर गरम’ असे स्वतःच जुळवले आणि मोठ्याने वाचून दाखवले. रेघ पुढच्या शब्दावर गेली होती. बाईंनी तिचे टोक बोटाने दाबून धरले आणि म्हणाल्या, ‘शब्द संपला की रेघ संपते. पुढे गेली तर दोन शब्द चिकटतात.’ क, ख, ज, झ, फ, ब, ल यांसारखी अक्षरे गुजरातीत फार वेगळी दिसतात. ती त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवली होती. मुलाने ‘क कुठाय?’ असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘तो उद्याचा.’ जणू दुसऱ्या दिवशी वर्ग भरणारच होता.

पंधरा मिनिटांत हे सगळे झाले. बाहेर सभागृहात पाहुण्यांबरोबर फोटो चालू होते.

मी सगळी नोकरी बडोद्यात केली, गुजराती मुले आणि मराठी मुले एकत्र पाहिली, पण गुजराती लिपीचा हात धरून मराठीत आणण्याची वाट मला इतकी नेमकी सापडली नव्हती. सीमेवरच्या एका गावात अशाच मिश्र वर्गाला शिकवताना ती त्यांना सापडली होती. आपल्या संस्थांना आज नेमकी हीच वाट हवी आहे, आणि ती ठाऊक असलेली बाई आपण दीड तास व्यासपीठावर बसवून ठेवली होती, शोभेला. हा शब्द जड आहे, पण दुसरा सापडत नाही.

त्या संध्याकाळी मला टेक्सास आठवले.

माझी मुलगी अमेरिकेत ऑस्टिनला असते. टेक्सास राज्याची ती राजधानी. एका वर्षी मी पानगळीच्या दिवसांत तिच्याकडे होते, तेव्हा ती मला पुस्तकांच्या जत्रेला घेऊन गेली, टेक्सास बुक फेस्टिव्हलला. तिथले विधानभवन गुलाबी ग्रॅनाइटचे, १८८८ सालचे. त्याच्या आसपास आणि समोरच्या रस्त्यावर तंबू ठोकलेले, आणि लेखक बोलतात ते चक्क विधानभवनाच्या आत, जिथे एरवी आमदार बसतात त्या दालनांत. प्रवेशाला पैसे नाहीत. बाप लेकरांना खांद्यावर घेऊन फिरत होते. मी विचारले, ही कल्पना कुणाची? मुलगी म्हणाली, ‘इथल्या गव्हर्नरच्या बायकोची.’ घरी आल्यावर मी त्या बाईंविषयी मिळेल ते वाचून काढले.

लॉरा बुश. आपल्याला त्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून ठाऊक आहेत. त्याआधी १९९५ ते २००० ही सहा वर्षे त्या टेक्सासच्या गव्हर्नरच्या पत्नी होत्या, आणि त्याच्याही आधी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका.

४ नोव्हेंबर १९४६ चा त्यांचा जन्म, मिडलंड नावाच्या तेलविहिरींच्या गावात. वडील घरे बांधून विकणारे, मुलगी एकुलती एक. बाहुल्या ओळीने मांडून ती त्यांना शिकवायची. दुसरीच्या वर्गशिक्षिका तिला इतक्या आवडल्या की आपणही शिक्षिकाच व्हायचे हे तेव्हाच ठरले. १९६८ मध्ये डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची पदवी घेतली, डॅलस आणि ह्यूस्टनच्या शाळांत शिकवले. मुलांना पुस्तक वाचून दाखवण्यात आपला जीव अधिक रमतो असे ध्यानात आल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि १९७३ मध्ये टेक्सास विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी मिळवली. ह्यूस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका शाखेत नोकरी केली, मग ऑस्टिनच्या एका प्राथमिक शाळेत ग्रंथपाल झाल्या. ५ नोव्हेंबर १९७७ ला, एकतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, जॉर्ज बुश यांच्याशी लग्न झाले आणि नोकरी सुटली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी बायकांची आहे. गावांची नावे तेवढी बदला.

लग्नापूर्वी त्यांनी एक अट घातली होती, मला कधी राजकीय भाषण करायला सांगायचे नाही. नवऱ्याने कबूल केले आणि तीन महिन्यांतच ते वचन मोडले. ते निवडणुकीला उभे होते, आणि म्यूलशू नावाच्या लहानशा गावात कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे राहून या अबोल बाईंना बोलावे लागले. ही आठवण त्या स्वतः सांगतात. मला ती महत्त्वाची वाटते, कारण आपण पाहुण्यांच्या पत्नीला माइक देतो तेव्हा ‘दोन शब्द बोला’ असे म्हणतो. दोन शब्द बोलणे हे तिचे काम कधी नव्हतेच. तिचे काम वर्गातले होते. लॉराबाईंनी पुढे गव्हर्नरच्या वाड्यात राहायला आल्यावर काय केले तर आपल्या जुन्या कामालाच नवे घर दिले. १९९५ मध्ये त्यांनी पुस्तकांच्या या उत्सवाची स्थापना केली आणि पहिला उत्सव नोव्हेंबर १९९६ मध्ये भरला. त्यातून उभा राहणारा पैसा टेक्सासच्या सार्वजनिक ग्रंथालयांना जातो.

हा पैसा ग्रंथालयांना द्यावा, हे ग्रंथपालालाच सुचणार. इमारतीला देणगी देणारा मिळतो, कारण कोनशिलेवर नाव येते. दरवर्षी लागणाऱ्या नव्या पुस्तकांना देणगीदार मिळत नाही. ज्या बाईने शाळेच्या कपाटात तीच ती फाटकी पुस्तके चिकटपट्टी लावून वर्षानुवर्षे फिरवली आहेत, तिला हे पक्के ठाऊक असते.

पुढे राष्ट्राध्यक्षांच्या निवासात गेल्यावरही त्यांनी तेच चालू ठेवले. ८ सप्टेंबर २००१ ला तिथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयाबरोबर वॉशिंग्टनमध्ये पहिला राष्ट्रीय ग्रंथोत्सव भरवला. तीन दिवसांनी, ११ सप्टेंबरच्या सकाळी, त्या सिनेटच्या शिक्षणविषयक समितीसमोर साक्ष द्यायला निघाल्या होत्या. विषय होता लहान मुलांचे शाळेत जाण्याआधीचे शिक्षण. त्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये काय झाले ते जगाला ठाऊक आहे. साक्ष राहिली. १७ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षांचे साप्ताहिक रेडिओभाषण त्यांच्याऐवजी पूर्णपणे लॉराबाईंनी केले, अफगाणिस्तानातल्या स्त्रिया आणि मुलांविषयी. मुलींना शाळेची दारे बंद करणाऱ्या राजवटीबद्दल एक शिक्षिका बोलत होती. त्यांच्या पतीची धोरणे, विशेषतः इराकचे युद्ध, मला मुळीच मान्य नाही आणि ते मी कुणासमोरही सांगेन. पण बाईंच्या कामाचे मोल मी पतीच्या धोरणावरून ठरवणार नाही. पतीच्या हुद्द्यावरून ठरवू नका असे तुम्हाला सांगताना उलट बाजूने तेच करणे मला पटत नाही.

आणखी एक उदाहरण थोडक्यात. जिल बायडन पती उपराष्ट्राध्यक्ष असताना आणि पुढे राष्ट्राध्यक्ष असतानाही व्हर्जिनियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत होत्या, पगारी नोकरी म्हणून. सरकारी विमानात बसून विद्यार्थ्यांचे निबंध तपासत. प्रवासात पेपर तपासलेल्या प्रत्येक बाईला ते चित्र डोळ्यांसमोर आणता येईल, मांडीवर गठ्ठा आणि हातात लाल पेन.

कुणी म्हणेल, अमेरिकेचे कौतुक इथे कशाला. तर बडोद्याकडे वळते.

पुस्तकांच्या बाबतीत बडोदे आणि अमेरिका यांचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे. १९०६ मध्ये महाराज सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुले वाचायला शिकली, आता वाचतील काय, हा पुढचा प्रश्न होता. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालाला बोलावून घेतले. मांडवीजवळ आजही उभी असलेली आपली मध्यवर्ती लायब्ररी, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग, इंग्रजी-गुजराती-मराठी अशा तीन भाषांत निघणारे ग्रंथालयविषयक नियतकालिक, हे सगळे महाराजांच्याच काळातले. आणि गावोगाव जाणाऱ्या लाकडी पेट्या. पुस्तकांनी भरलेली पेटी गावात यायची, लोक वाचायचे, पेटी पुढच्या गावी जायची. मांडवीच्या लायब्ररीत लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांमध्ये उजेड खाली यावा म्हणून काचेच्या फरशा बसवल्या आहेत. मी दरवर्षी चौथीच्या मुलांना त्या दाखवायला नेत असे. मुले पाय ठेवायला घाबरायची.

त्याच महाराजांच्या पत्नी महाराणी चिमणाबाई. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली तेव्हा अध्यक्षस्थानी त्या होत्या, आणि त्या परिषदेचा विषयच मुळी स्त्रीशिक्षणातल्या सुधारणांचा होता. तिथे त्यांना ‘सपत्नीक’ म्हणून कुणी नेले नव्हते.

आणि हंसाबेन. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयाला काय नाव आहे? श्रीमती हंसा मेहता लायब्ररी. हंसा मेहता या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ या अर्थाचे शब्द जाऊन ‘सर्व माणसे’ आले ते त्यांच्या आग्रहाने. त्यांचे पती डॉ. जीवराज मेहता गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री. म्हणजे हंसाबेन मुख्यमंत्र्यांच्या पत्नी होत्या. पण बडोद्यात आजवर एका तरी विद्यार्थ्याने ‘मुख्यमंत्र्यांच्या मिसेसची लायब्ररी’ असे म्हटले असेल का? ज्या गावाला हे इतके सहज जमले, त्या गावातल्या मराठी संस्थांना ते व्यासपीठावर का जमू नये?

आपल्या संविधानात राज्यपालांविषयी कलमे आहेत. नेमणूक, मुदत, पात्रता, शपथ, वेतन आणि भत्ते, सगळे लिहिले आहे. राज्यपालांच्या पती किंवा पत्नीविषयी एक शब्द नाही, आणि ते बरोबरच आहे, तो काही घटनात्मक हुद्दा नव्हे. पण म्हणूनच त्या बाईंनी काय करायचे हे कुठे ठरलेले नसते आणि आपण ते दीपप्रज्वलनापुरते ठरवून टाकतो. राज्यपाल, जिल्हाधिकारी, कुलगुरू, बँकेचे महाव्यवस्थापक, कुणीही पाहुणे असोत, शेजारच्या खुर्चीचे हेच होते. शिक्षिका स्वतः राज्यपाल झाल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. आजच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू रायरंगपूरच्या शाळेत शिकवत होत्या आणि पुढे झारखंडच्या राज्यपाल झाल्या. आनंदीबेन पटेल अहमदाबादला मुलींच्या शाळेत शिकवत होत्या, नंतर मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशच्या राज्यपाल झाल्या. त्यांच्या परिचयात शाळेचा उल्लेख आवर्जून होतो, कारण खुर्ची त्यांची स्वतःची आहे. शिक्षिका तीच, शाळा तशीच, खुर्ची मात्र नवऱ्याची असली की उल्लेख गळतो. एवढाच फरक आहे आणि तो मला खुपतो.

खुपायला माझेही कारण आहे, ते लपवत नाही. माझे यजमान निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कार्यालयाने मोठा समारंभ केला. मानपत्रात माझा उल्लेख ‘सुविद्य गृहिणी’ असा होता. त्या दिवशी सकाळी मी चौथीच्या सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा तपासून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला होता आणि अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज देऊन समारंभाला आले होते. यजमानांनी उत्तराच्या भाषणात ती चूक दुरुस्त केली. सभागृहाने ते ऐकले आणि विसरले. मानपत्र मात्र चौकटीत बसून आमच्या दिवाणखान्यात आहे, आणि घरी येणारा प्रत्येक जण ते वाचतो.

आता माझे मागणे.

पत्रिकेवर ‘सपत्नीक’ हा शब्द नको. बाईंचे पूर्ण नाव छापा, त्यांना हवे तसे. माहेरचे आडनाव लावत असतील तर तेही. परिचयाची माहिती पाहुण्यांकडून किंवा त्यांच्या कार्यालयाकडून मागवू नका, बाईंना स्वतः फोन करा, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नका. ‘माझं काय विशेष’ असेच पहिले उत्तर येणार. वेळ कमी पडला तर पाहुण्यांच्या दोन पानांतल्या बदल्या गाळा. त्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

बाई शिक्षिका असतील तर मुख्य कार्यक्रमाच्या आधी तासभर मुलांना बोलवा. खडू, फळा, सतरंजी, एवढेच लागते. फोटोग्राफर तिथे नको, मुले बिथरतात. बाईंना नको असेल तर आग्रह करू नका. बावीस वर्षे पहिली सांभाळलेल्या बाईला आता शांत बसावेसे वाटले तर तो तिचा हक्क आहे. पण विचारा तरी. विचारण्यातच निम्मा मान आहे.

मग आपल्या घरातले पाहा. हळदीकुंकवाला दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा, वाडी इथून किती बायका येतात. त्यांची नावे वहीत असतात, नावापुढे नवऱ्याचे नाव आणि फोन नंबर. त्याच वहीत आणखी एक रकाना आखा : काय शिकवलेत, कुठे, किती वर्षे. बालवाडीच्या ताई, शाळेतल्या ग्रंथपाल, शिवणकाम शिकवणाऱ्या, गणिताच्या बाई, सगळ्या निघतील, मी खात्रीने सांगते. २०१८ मध्ये आपल्या गावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा पुस्तकांच्या दालनात मला माझ्या बरोबरीच्या कितीतरी बाई भेटल्या. सगळ्या नातवंडांसाठी पुस्तके घेत होत्या आणि सगळ्यांची तक्रार एकच, ‘पण त्याला वाचता येत नाही हो, मलाच वाचून दाखवावं लागतं.’ मराठी शाळा कमी होत गेल्या, मुले गुजराती आणि इंग्रजी माध्यमांत गेली. आता मराठी वाचायला शिकवणारी दुसरी ठिकाणे या गावात फार थोडी उरली. घर आहे, आणि तुम्ही आहात.

संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि वाट्या वाटतो, त्याऐवजी एक वर्ष मुलांचे पातळसे, मोठ्या टायपातले पुस्तक वाटून पाहा. आणि कपाटांची किल्ली. कपाटे गच्च आहेत, काचेतून पुस्तके दिसतात, किल्ली कार्यवाहांच्या घरी. ज्या बाई आठवड्यातून दोन तास बसायला तयार असतील त्यांच्याकडे एक किल्ली द्या. चार पुस्तके हरवतील. मी शाळेतही हरवू दिली आहेत, कारण हरवलेले पुस्तक निदान कुणाच्या तरी घरी असते.

सुरुवात मी केली आहे. सुताराकडून तीन लाकडी पेट्या करून घेतल्या, सयाजीरावांच्या पेट्यांची आठवण ठेवून, पण हलक्या, रिक्षात मावतील अशा. प्रत्येकीत वीस-बावीस पुस्तके आणि एक शंभर पानी वही, नेले-आणले लिहायला. एक पेटी वाडीत एका घरी आहे, एक माझ्या ओट्यावर. तिसरीला अजून घर मिळालेले नाही. ज्या संस्थेला हवी असेल त्यांनी घेऊन जावी, संध्याकाळी चारनंतर मी घरीच असते. तिच्या झाकणाची बिजागरी थोडी अडकते, तेवढी बदलून देते.

त्या दिवशीचा मुलगा आता दर शनिवारी येतो, बरोबर आणखी तिघे आणतो. मागच्या शनिवारी मी ‘क’ घेतला. घेण्याआधी बाईंना फोन लावला होता, की पुढे कसे जाऊ. त्या म्हणाल्या, ‘क नंतर लगेच फ घेऊ नका. गुजराती क आपल्या फ सारखाच दिसतो, मुलं तिथे हमखास फसतात. मध्ये आठवडाभर जाऊ द्या.’

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे